हलकी पॉइंट टू-टू रायफल रेंजवर तपासताना

डिसेंबरात कापूस वेचणीची घाई जरा ओसरली की मला दोन-तीन फोन येतात. परवाना मिळाला, रायफल आणली, पण गोळी एका जागी लागत नाही. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "दादा, पीस खराब निघाला का?" मी विचारतो, किती गोळ्या मारल्या? दहा. कशावर टेकवून? बाकावर, टॉवेलची घडी करून. काडतूस कोणते? दुकानात मिळाले ते, दोन प्रकारचे, मिसळून. आता एवढ्यावरून रायफल चांगली की वाईट, हे मुक्ताईनगरला जाऊन कौल लावला तरी कळायचे नाही.

रेंजवर आपण तीन गोष्टी तपासत असतो. रायफल, काडतूस आणि आपण स्वतः. एका वेळी एकच बदलायची आणि बाकीच्या दोन जागच्या जागी ठेवायच्या. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

आधी रायफल कोणती, ते सांगतो. अमेरिकेत शेतात बिळे करणारे छोटे प्राणी टिपायला ‘व्हार्मिंट रायफल’ म्हणून एक जातच आहे. तिची नळी सहसा जाड आणि वजन भरपूर असते, कारण ती एका जागी बसून चालवायची असते. तिचीच हलकी बहीण खांद्याला लावून दिवसभर बांधावरून फिरण्यासाठी बनवलेली असते. बारीक नळी, आखूड दस्ता, स्कोप धरून अडीच-तीन किलो. आपल्याकडे या घराण्यातले सहज भेटणारे माणूस म्हणजे बोल्टची (दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) पॉइंट टू-टू, म्हणजे नळीचे भोक साधारण ०.२२ इंचाचे. तिचे लाँग रायफल काडतूस १८८७ पासून चालत आले आहे आणि नवशिक्याला याहून चांगला मास्तर नाही. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, आणि मोठ्या बोअरच्या मानाने काडतूस स्वस्त.

कागद आधी, काडतूस नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून थोडक्यात सांगतो, पण गाळू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टू रायफलीचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. म्हणून आधी क्लबचे सदस्यत्व, मग अर्ज, हा रस्ता सरळ पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. घरातून रेंजवर जाताना रायफल रिकामी, पेटीत बंद आणि काडतुसे वेगळी. मूळ परवाना खिशात, झेरॉक्स नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. तो आला की जमा करा, पावती सांभाळा आणि तपासणीचा बेत पुढे ढकला.

आणि शेतात ‘एक-दोन मारून बघू’ हे अजिबात नको. पॉइंट टू-टूची गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. काडतुसाच्या डब्यावरच तसा इशारा छापलेला असतो. आपल्या सपाट काळ्या रानात तेवढ्या अंतरात शेजाऱ्याची केळी, पलीकडची वस्ती आणि एसटीचा रस्ता, सगळे येते. हळदीला किंवा वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवलेली आहे.

शिकारीचेही आताच सांगून टाकतो, कारण सातपुड्याच्या पायथ्याची मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकाची कितीही नासाडी करत असला, तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यावर बंदूक उचलता येत नाही. माझाही मका डुकरांनी दोनदा आडवा केला आहे, राग मला कळतो. पण परवानगी मिळाली तरी पॉइंट टू-टू त्या कामाची नाही. अडीच ग्रॅमची गोळी रानडुकराला मारत नाही, जखमी करून उसात पाठवते, आणि सकाळी तिथे पाणी द्यायला आपलाच सालदार जातो. ही रायफल कागदावर नेम शिकण्यासाठी आहे, असे धरून चाला.

घरी, रात्री, बिनकाडतुसाची

रेंजवर जायच्या आदल्या रात्री अर्धा तास काढा. काडतुसे दुसऱ्या खोलीत. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, डोळ्याने बघा, मग करंगळी घालून बघा. डोळा फसतो, बोट फसत नाही.

पहिले म्हणजे स्क्रू. दस्त्याला ॲक्शन (बोल्ट आणि चेंबरचा धातूचा सांगाडा) धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात, ते आणि स्कोपच्या रिंगांचे. माझी पहिली रायफल आणली तेव्हा मी तीन रविवार आणि दोन डबे काडतुसे घालवली. गोळ्या कागदावर पाऊस पडावा तशा विखुरलेल्या. दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. चौथ्या रविवारी रेंजवरच्या एका आप्पांनी रायफल हातात घेतली, दस्त्यावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि खिशातला पेचकस काढला. पुढचा स्क्रू पाऊण आटा सैल होता. त्या दिवशी पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. दुकानदाराला पुन्हा फोन केला नाही, ही माझी चूक. स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकेच आवळा. ठरवलेल्या जोराइतकाच आवळणारा टॉर्क पेचकस क्लबमध्ये असतो, मागून घ्या. लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्यानंतर एकदा पुन्हा बघा, कारण लाकूड फुगते आणि वैशाखात सुकते.

दुसरे, नळी आणि दस्ता यांच्यामधली फट. दहा रुपयांची नोट घ्या, दस्त्याच्या पुढच्या टोकाशी नळीखाली सरकवा आणि मागे ओढत आणा. नोट सगळीकडे सारखी सरकली तर नळी मोकळी आहे. एका बाजूला अडली तर तिथे दस्ता नळीला चिकटतो आहे. काही हलक्या रायफलींत कंपनीनेच मुद्दाम पुढे टेकू दिलेला असतो, तेव्हा अडली म्हणून लगेच कानस घेऊन बसू नका. फक्त वहीत लिहा, ‘उजवीकडे अडते’. आधी मारून बघायची, मग ठरवायचे.

तिसरे, चाप. बाजारात सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो. चेंबरमध्ये प्लास्टिकचे डमी काडतूस घाला, बोल्ट बंद करा, हुक चापात अडकवून सावकाश ओढा आणि किती किलोला सुटतो ते वाचा. डमी आठवणीने घाला. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आपटते. रिकाम्या चेंबरवर पिन आपटत राहिली तर चेंबरची कड दबते आणि पुढे काडतूस नीट बसत नाही. आता गंमत बघा. रायफल अडीच किलोची आणि चाप दोन किलोचा निघाला, तर बोट जवळजवळ रायफलीच्या वजनाइतका जोर लावते आहे. जड रायफल हा जोर पचवते, हलकी हलते. हलक्या रायफलीचे निम्मे गाऱ्हाणे या एका आकड्यात असते. चाप हलका करायचा तर शस्त्रकारागिराकडून. यूट्यूब बघून स्प्रिंग कापणाऱ्याच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

काय घेऊन जायचे

कानाचे मफ, साधा तरी चष्मा, मूळ परवाना, काडतुसे, पट्टी, पेन, वही, पाणी. आणि टेकवायला दोन पिशव्या. या विकतही मिळतात, पण खानदेशात घरी झकास होतात. पुढच्या पिशवीसाठी जुन्या जीन्सचा पाय कापा, एक तोंड शिवा, चाळलेली कोरडी वाळू ठासून भरा आणि दुसरे तोंड शिवा. पिशवी विटेसारखी घट्ट हवी, उशीसारखी नको. मागची पिशवी मात्र मऊ हवी, कारण ती डाव्या मुठीत दाबून रायफल वर-खाली करायची असते. मी पहिल्यांदा मोज्यात ज्वारी भरली होती. पावसाळ्यात तिला सोंडे लागले आणि पिशवी गाडीच्या डिकीत चालायला लागली. मग एका मित्राने जळगावच्या एमआयडीसीतून मूठ-दोन मूठ प्लास्टिकचा दाणा आणून दिला, ठिबकच्या नळ्या ज्याच्यापासून करतात तो. सात वर्षे झाली, पिशवी तशीच आहे.

टार्गेटसाठी छापील कागद क्लबमध्ये मिळतो. त्याच्यामागे लावायला केळीच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम, भोके स्वच्छ पडतात.

काडतुसे तीन वेगवेगळ्या बनावटीची, प्रत्येकी एक डबा. शक्य असेल तर त्यातले एक ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ आणि एक ‘हाय व्हेलॉसिटी’. कारण पुढे येईल.

रेंजवर पाऊल टाकल्यावर

रायफल पेटीतून काढाल तेव्हा नळी लक्ष्याच्या दिशेला, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये रंगीत झेंडी. ‘लोड’ म्हटल्याशिवाय काडतुसाला हात नाही, ‘स्टॉप’ म्हटल्यावर बोट बाहेर, मग कितीही सुंदर नेम लागलेला असो. पुढे कोणी कागद बदलायला गेले असेल तर बाकापासून दोन पावले मागे उभे राहायचे आणि रायफलीला स्पर्शही करायचा नाही, स्कोपमधून ‘नुसते बघायला’सुद्धा नाही. पहिल्यांदा आलात तर रेंज ऑफिसरला सरळ सांगा, मी नवा आहे. लाज वाटायचे काही कारण नाही. न सांगणारा लगेच ओळखू येतो.

चाप ओढला आणि काहीच झाले नाही, तर रायफल तशीच लक्ष्याकडे धरून मनात तीस आकडे मोजा, मग बोल्ट उघडा. काडतूस उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, ‘फुस्स’ झाले, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी मारली तर नळी फुटते. रेंज ऑफिसरला बोलवा, नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच पुढे.

बैठक, आणि रायफल टेकवायची कुठे

नव्या माणसाकडून इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुढची पिशवी दस्त्याच्या लाकडाखाली येते, नळीखाली कधीच नाही. गोळी सुटताना नळी थरथरते. पिशवीला टेकलेली नळी प्रत्येक वेळी वेगळी थरथरते आणि गोळ्या वर सरकतात. पिशवीची जागा दस्त्यावर पेन्सिलीने खूण करून ठरवा आणि प्रत्येक गोळीला तीच ठेवा. हलक्या रायफलीत जागा दोन बोटे पुढे-मागे झाली तरी कागदावर फरक दिसतो.

बाकाच्या जवळ बसा, पोट जवळजवळ बाकाला लागेल इतके. दोन्ही पावले जमिनीवर सपाट. दस्ता खांद्यात दर वेळी सारख्याच जोराने. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी. आमचे आप्पा गालाच्या जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावायला सांगायचे, गालाला लागला की समजायचे डोके जागेवर आहे.

आता नेम घ्या, डोळे मिटा, एक श्वास घ्या आणि सोडा, डोळे उघडा. क्रॉस टार्गेटवरून सरकला असेल तर तुम्ही हाताच्या जोराने रायफल तिकडे ओढून धरली होती. हात ओढायचा नाही, खुर्ची सरकवायची. डोळे उघडल्यावर क्रॉस आपोआप मध्यावर यायला हवा. हे जमेपर्यंत काडतूस भरू नका.

मग श्वास अर्धा सोडून थांबा, चाप सरळ मागे, सावकाश. जड रायफल हृदयाचे ठोके गिळून टाकते. हलकीच्या स्कोपमध्ये ते दिसतात, क्रॉस नाडीच्या ठेक्यावर उडतो. पहिल्यांदा दिसले की माणूस घाबरतो आणि घाईने चाप झटकतो. मीही झटकायचो. आप्पा मागून म्हणायचे, "घाई कसानी शे भो?" तेव्हा राग यायचा. आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर बोट काढा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. गोळी सुटल्यावरही क्रॉसमधून बघत राहा, डोके वर काढून ‘कुठे लागली’ बघायला धावू नका. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत हलकी रायफल आपल्या मानेची हालचालही पकडते.

पंचवीस मीटर, मग पन्नास

सुरुवात पंचवीस मीटरवर. तीन गोळ्या, एकाच बिंदूवर नेम धरून, मध्ये काही न बदलता. त्या कुठेही लागोत, तिघींचा मध्य काढा. समजा मध्य नऊ सेंटिमीटर डावीकडे आहे. बहुतेक स्कोपच्या चकतीची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पन्नास मीटरवर ती गोळी साधारण साडेतीन मिलिमीटर सरकवते आणि पंचवीसवर त्याच्या निम्मी, म्हणजे पावणेदोन-एक मिलिमीटर. नव्वद भागिले पावणेदोन, सुमारे पन्नास क्लिक उजवीकडे. आकडा मोठा वाटतो, म्हणून लोक दहा-बारा फिरवून थांबतात आणि ‘स्कोप चालत नाही’ म्हणतात. हिशोब करा आणि बिनधास्त फिरवा. बाणाचा अर्थ एकच, गोळी त्या दिशेला सरकते.

पुन्हा तीन गोळ्या. मध्य बिंदूवर किंवा त्याच्या किंचित वर, अर्धा-एक सेंटिमीटर वर आला की पुरे. हे ‘किंचित वर’ का? स्कोप नळीच्या चार-एक सेंटिमीटर वर बसलेला असतो आणि गोळी खालून येऊन नजरेची रेषा दोनदा छेदते. पन्नासवर बरोबर लागणारी गोळी पंचवीसवर थोडी वरून जाते.

आता पन्नास मीटर. इथे झिरो करायचे, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणायची, आणि ते ठरले की स्कोपच्या चकत्यांची झाकणे लावून टाका. पुढे शंभर मीटरवर मारायची हौस असेल तर आधीच सांगतो, पन्नासला झिरो केलेली स्टँडर्ड गोळी शंभरावर वीतभर खाली पडते. ‘रायफल खाली मारते’ असे काही नसते, गोळी पडते एवढेच.

स्कोप मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी बनवलेला असेल तर त्याची पॅरालॅक्स (डोळा हलला की क्रॉस सरकल्याचा भास न होण्याचे अंतर) बहुधा शंभर यार्डांना धरून लावलेली असते. रिमफायरच्या स्कोपची पन्नासला. डोके जरा वर-खाली केल्यावर क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसला तर तोच घोटाळा. तेव्हा गालाची जागा दुप्पट काटेकोर ठेवा.

ग्रुप: तीन गोळ्यांची फसवणूक

झिरो झाल्यावर खरी तपासणी सुरू होते. तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच बिंदूवर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, फोटोला छान, पण त्यावर विश्वास ठेवू नका. पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारा, पाच वेगळ्या बिंदूंवर. प्रत्येकात सगळ्यात लांबची दोन भोके शोधा, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि गोळीची जाडी, ५.७ मिलिमीटर, वजा करा. वाईट ग्रुप फाडून टाकायचा मोह होतो, होऊ द्या, पण फाडू नका.

माझ्या वहीतले एक पान असे आहे: १८, २७, २१, ३४, २२ मिलिमीटर. सरासरी साधारण २४. यातला १८ चा कागद मी दोन महिने मोबाईलच्या कव्हरमध्ये घालून फिरलो, ३४ चा कोणाला दाखवला नाही. पण रायफल १८ ची नव्हती आणि ३४ चीही नव्हती, ती चोवीसची होती. बारीक नळीच्या हलक्या पॉइंट टू-टूने पन्नास मीटरवर पंचवीस-तीस मिलिमीटरची सरासरी दिली तर तिच्याबद्दल तक्रार करू नका. ऑलिंपिकमधल्या पन्नास मीटर रायफल स्पर्धेत दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्या रायफली तुमच्या रायफलीहून दुपटीने जड असतात, आणि त्या बांधावरून कोणी फिरवत नाही.

ग्रुपचा आकारही वाचायला शिका. उभा लांबोडा ग्रुप म्हणजे श्वास, किंवा काडतुसांचा वेग कमी-जास्त. आडवा म्हणजे वारा, किंवा चाप बाजूला ओढला जातोय. चार एकत्र आणि एक दूर, असे दर वेळी व्हायला लागले तर ती पाचवी पहिली होती का ते बघा. साफ, थंड नळीची पहिली गोळी बाहेर जाणे ही पुष्कळ पॉइंट टू-टूंची खोड असते. आणि दोन वेगळे छोटे ग्रुप पडत असतील तर स्क्रूकडे किंवा स्कोपच्या रिंगांकडे परत जा.

काडतूस बदलताना

या एका पायरीने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही, आणि हीच लोक गाळतात. पॉइंट टू-टू काडतुसाच्या बाबतीत हट्टी असते. एकाच कंपनीच्या एकाच दिवशी बनलेल्या दोन रायफली वेगवेगळ्या काडतुसांवर प्रेम करतात. महाग डबा तिला आवडेलच असे नाही.

नव्या बनावटीचा डबा फोडला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत. या गोळ्यांना मेणासारखा लेप असतो, नळीत आधीच्या लेपाचा थर बसलेला असतो, तो बदलेपर्यंत गोळ्या भरकटतात. त्यानंतर पाचांचे पाच ग्रुप, त्याच पिशव्या, तोच माणूस, शक्यतो तीच सकाळ. डबे तीन, ग्रुप पंधरा. ज्या बनावटीची सरासरी कमी ती तुमची. तिच्या डब्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तोच मिळतो का विचारा, अर्थात परवान्यावरच्या मर्यादेत.

स्टँडर्ड आणि हाय व्हेलॉसिटीचे काय? स्टँडर्ड गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने निघते, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास, म्हणजे वर. ती जाता जाता वेग गमावते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते, आणि त्या ओलांडण्यात थोडी डगमगते. म्हणून कागदावर नेमाला बहुधा स्टँडर्ड सरस ठरते. बहुधा म्हणतो, कारण माझ्या भावाची रायफल उलटी आहे.

आपले ऊन आणि आपला वारा

पुस्तिका थंड देशात लिहिलेल्या असतात. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, आणि त्याच रेंजवर डिसेंबरच्या सकाळी हात खिशातून काढवत नाही. दारू गरम असली की जोरात जळते, तापलेली हवा विरळ असते, गोळी वर लागते. माझ्या रायफलीचा डिसेंबरचा झिरो मे महिन्यात पन्नास मीटरवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर गेलेला असतो. स्कोप बिघडलेला नसतो. दोन झिरो ठेवा आणि वहीत तापमान लिहा.

बारीक नळीबद्दल सगळे सांगतात की चार गोळ्यांत तापते, थांबून मारा. मोठ्या बोअरला ते खरे आहे. पॉइंट टू-टूला गोळ्यांनी एवढी उष्णता येत नाही. आपल्याकडे तिला ऊन तापवते. रायफल उन्हात बाकावर ठेवून तुम्ही चहाला गेलात की नळीची वरची बाजू तव्यासारखी आणि खालची थंड, शिवाय नळीवरून उठणारी वाफेसारखी लहर स्कोपसमोर नाचते. टार्गेट पाण्याखाली असल्यासारखे दिसले की थांबा. नळीवर ओला नव्हे, कोरडा पांढरा पंचा टाकून ठेवा. काडतुसाचे डबे गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नकोत. उन्हाळ्यात तपासणी सकाळी साडेनवाच्या आत आटपा, त्यानंतर कागदावर जे दिसते ते अर्धे उन्हाचे असते.

वाऱ्याचे धुळ्याकडच्या मंडळींना वेगळे सांगायला नको, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा स्टँडर्ड गोळीला पन्नास मीटरवर अडीच-तीन सेंटिमीटर ढकलतो. तुमच्या पूर्ण ग्रुपएवढा! टार्गेटच्या चौकटीला आणि मध्यावर एका काठीला कापसाची बारीक पेळू किंवा लोकरीचा धागा बांधा. धागा लोंबता असताना मारा, फडफडत असताना थांबा. झिरो करायच्या दिवशी वारा ‘वाचायचा’ नसतो, टाळायचा असतो.

पिशव्या काढून

बाकावरचे आकडे रायफलीचे. तुमचे आकडे वेगळे, आणि हलकी रायफल तर खांद्यावरच चालवायची असते. म्हणून शेवटच्या तासात पिशव्या बाजूला. सगळ्यात आवडलेले काडतूस घ्या, पंचवीस मीटर, पाच गोळ्या पडून, पाच बसून, पाच उभ्याने. पट्टा दंडाला गुंडाळून घट्ट करा, हलक्या रायफलीला हे अर्धा किलो वजन फुकट मिळाल्यासारखे असते. बसून मारताना कोपराचे हाड गुडघ्याच्या हाडावर ठेवू नका, ते घसरते, दंडाचे मांस गुडघ्यावर टेकवा. उभ्याने मारलेल्या पाच गोळ्या ताटाएवढ्या पसरल्या तर हसू नका, माझ्या पहिल्या पाचांतली एक शेजारच्या लेनच्या कागदावर होती, आणि शेजारी बसलेल्या शाळकरी मुलीने ती मला पेन्सिलीने गोल करून परत दिली.

आवरताना

रेंज सोडण्याआधी बोल्ट काढा, चेंबर करंगळीने बघा, खिसे तपासा. शर्टाच्या खिशात राहिलेले एक जिवंत काडतूस धुण्याच्या मशीनमध्ये सापडले की घरात जे बोलणे बसते ते मी ऐकलेले आहे. वापरलेली आणि उरलेली काडतुसे मोजून हिशोब लिहा, नूतनीकरणाच्या वेळी कोणीही विचारू शकते.

नळी रोज घासू नका. पॉइंट टू-टूची शिशाची मऊ गोळी नळी फारशी घाण करत नाही, उलट अति घासण्याने नळीचे तोंड खराब होते. चेंबर आणि बोल्ट पुसा, नळीतून तेलाचे एक फडके आणि मग एक कोरडे. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला पेटी उघडून बघा, तापीकाठच्या गावांत गंज रात्रीत चढतो.

हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा, मगच डबा उघडा. बोटांवर शिसे असते, आणि भरीत-पुरी हातानेच खायची असते.

जेवणानंतर वहीचे पान पूर्ण करा. माझे मागच्या रविवारचे असे आहे: सकाळी ७.५०, १४ अंश, धागा लोंबता, स्टँडर्ड, पाचांचे पाच, सरासरी २३, पुढचा स्क्रू तपासला, पहिली गोळी डावीकडे बाहेर. पुढच्या रविवारी नळी न पुसता जायचे आणि पहिली गोळी कुठे लागते ते बघायचे. बाकी काही बदलायचे नाही.